कुणी ओळखीचं आहे का?

दिवाळीच्या दिवसांत मराठी घरांत दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "चकली काय खुसखुशीत झाली आहे, भाजणी घरची का?" आणि दुसरा, "मग मुलाचं पुढं काय?" पहिल्याचे उत्तर गृहिणी मोठ्या उत्साहाने देते. दुसरा प्रश्न आला की मुलगा पाणी आणण्याच्या निमित्ताने आत जातो, वडील चष्मा पुसू लागतात, आणि शेवटी आईच म्हणते, "शिक्षण तर झालं हो. आता तुमच्या पाहण्यात कुणी ओळखीचं असेल तर सांगा."

वाचकहो, आज ह्या 'ओळखीच्या' प्रकरणाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. पोटापाण्यासाठी मी मराठी शिकवतो, त्यामुळे आरंभ शब्दांपासूनच करतो. 'वशिला' हा शब्द मूळचा अरबी. तिकडे 'वसीला' म्हणजे साधन, मार्ग, इतका साधा आणि सोज्ज्वळ त्याचा अर्थ. 'शिफारस' फारसीतून आली. मराठीत येऊन स्थायिक झाल्यावर वशिल्याने आपल्या पदरी एक तट्टू बाळगले आणि बिचाऱ्याचे नाव कायमचे खराब झाले. 'ओळख' मात्र अजून अब्रू राखून आहे. गंमत अशी की आपण हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीला लावतो. शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी लागली की तो वशिला. आपल्या मुलाला लागली की ती ओळख!

पण माझे म्हणणे असे की ह्या खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे आपले दुहेरी नुकसान होते. जे भिडस्त आणि सचोटीचे असतात ते ओळखीलाही वशिला समजून कुणाला काही विचारतच नाहीत. जे तसे नसतात ते ओळखीच्या नावाखाली वशिला खुशाल मागतात. ओळख बातमी देते, वशिला निकाल देतो. जागा कुठे आहे, तिथे काय काम असते, अर्ज कोणाकडे जातो, हे सांगणारी ती ओळख. जागा कोणाला मिळावी हे परस्पर ठरवून टाकणारा तो वशिला.

ह्या विषयावर एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मोठे मार्मिक काम करून ठेवले आहे. त्यांचे नाव मार्क ग्रॅनोव्हेटर. बॉस्टन शहराजवळच्या न्यूटन ह्या गावी राहणाऱ्या आणि नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांची त्यांनी पाहणी केली. ही सारी माणसे व्यावसायिक, तंत्रज्ञ किंवा व्यवस्थापक अशा बऱ्यापैकी हुद्द्यांवरची होती. शंभरांतल्या सुमारे ५६ जणांना नोकरीचा पत्ता माणसांकडून लागला होता. वर्तमानपत्रातील जाहिराती, नोकरी मिळवून देणाऱ्या संस्था आणि आपण होऊन केलेले अर्ज हे सर्व मिळून त्यापेक्षा मागे पडले. ज्या देशाचे नाव घेऊन आपण 'तिकडे सगळे गुणांवर चालते' असे एकमेकांना सांगतो, तिथली ही कथा.

परंतु खरी मौज पुढेच आहे. ज्या माणसाने बातमी दिली तो तुम्हांला किती वेळा भेटत असे, हे त्यांनी अशा ५४ जणांना विचारले. वरचेवर, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा भेटणारे निघाले शेकडा १७हूनही कमी. अधूनमधून भेटणारे शेकडा ५५हून अधिक. वर्षातून एकदा किंवा तेवढेही न भेटणारे शेकडा २८च्या घरात! सख्खे, जिवलग, रोजचे बाजूला राहिले आणि काम केले ते दूरच्या, अर्धवट ओळखीच्या माणसांनी. हे सांगणारा त्यांचा निबंध १९६९ साली एका नामांकित नियतकालिकाने साभार परत केला होता. तो १९७३ साली दुसरीकडे छापून आला आणि आज समाजशास्त्राच्या सर्वांत गाजलेल्या निबंधांत मोडतो. होतकरू लेखकांनी हे दिवाळीनिमित्त ध्यानात ठेवावे.

असे का व्हावे? विचार केला तर कारण अगदी साधे आहे. माझा जिवलग मित्र माझ्याच कट्ट्यावर बसतो, मी वाचतो तेच वर्तमानपत्र वाचतो, माझ्याच माणसांना ओळखतो. मला जे ठाऊक नाही ते बहुधा त्यालाही ठाऊक नसते. त्याच्या मनात माझ्याविषयी माया भरपूर, पण बातमी शिळी. उलट, पूर्वी शेजारी राहून दुसऱ्या गावी गेलेला, आगगाडीत दोनदा भेटलेला, बहिणीच्या दिरासोबत काम करणारा, असा माणूस वेगळ्या जगात वावरतो. त्याच्याकडे माया बेताची. बातमी मात्र ताजी. लिंक्डइन ह्या नोकरीविषयक संकेतस्थळावरील सुमारे दोन कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती अभ्यासून काही संशोधकांनी २०२२ साली हेच पुन्हा तपासून पाहिले. त्यांना आढळले की अगदी जवळचे आणि अगदी परके ह्यांच्या मधले, किंचित दूरचे लोकच नोकरी बदलण्याच्या कामी सर्वाधिक उपयोगी पडतात.

हे वाचल्यावर मला माझी पहिली नोकरी आठवली. एम.ए. झालो होतो आणि घरात दूरदूरवर कोणी प्राध्यापक नव्हता. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना पुस्तके पुरवणारे एक गृहस्थ जिल्ह्यातून फिरत असत. माझी त्यांची ओळख एवढीच की त्यांच्या प्रदर्शनात मी उभ्याउभ्या पुस्तके वाचत असे आणि विकत क्वचितच घेत असे. एक दिवस ते म्हणाले, "अहो, फुकट वाचता त्याचा काही उपयोग करा की! अमक्या कॉलेजात मराठीला माणूस हवाय. परवा ग्रंथपाल बोलत होते." मी अर्ज केला, मुलाखत दिली, दोन तास शिकवून दाखवले आणि तासिका तत्त्वावर रुजू झालो. निवड समितीत त्या गृहस्थांचा शब्द चालण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला फक्त दार कुठे आहे ते सांगितले. आत जाणे माझे मला करावे लागले.

जुन्या पिढीतल्या गरीब विद्यार्थ्यांच्या हकिकती आठवा. पुण्यासारख्या गावी मुलगा शिकायला येई आणि वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात किती मानहानी होती हे भोगणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे, तेव्हा त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट नकळत घडत असे. सात वारांची सात घरे म्हणजे एखाद्या वकिलाचे, एखाद्या शिक्षकाचे, एखाद्या कचेरीतल्या कारकुनाचे घर. शिक्षण संपेपर्यंत त्या मुलाला गावात काय चालले आहे हे कळू लागे, आणि हा मुलगा कसा आहे हे त्या सात घरांना कळे. अर्थात ही पंगत जातीची होती. सगळ्यांना तिथे पाट मिळत नव्हता. ज्यांना तो मिळत नव्हता त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. त्या वसतिगृहांनी मुलांना भात-आमटी आणि निवारा तर दिलाच, शिवाय आपल्या आधी शिकून पुढे गेलेली माणसेही दिली.

आता वशिल्याकडे वळू. चीनमधील तिआनजिन शहरात १९८८ साली एक पाहणी झाली आणि यानजी बिआन ह्या संशोधकांनी तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध केले. त्या काळी तिथे नोकऱ्या सरकार वाटून देत असे. तिथे चित्र न्यूटनच्या नेमके उलट निघाले: दूरच्या ओळखी कुचकामाच्या, जवळचे नातेच कामाला येई. कारण तिथे बातमीची उणीव नव्हती, हवी होती ती अधिकाऱ्याची मर्जी. आणि नियमाबाहेरची मर्जी कोणी अर्धवट ओळखीच्या माणसावर कशी उधळील? ते धाडस विश्वासातल्या माणसासाठीच करतात. दोघांच्याही घरोब्यातला एखादा मध्यस्थ पुढे घालून करतात.

ह्यातून एक चांगली परीक्षा हाती लागते. जिथे दूरच्या ओळखीने काम भागते तिथे ओळख हे नुसते बातमीचे साधन असते. जिथे मामा, साडू आणि सोयरे ह्यांच्यावाचून पान हलत नाही, तिथे वशिला राज्य करीत असतो. ज्या संस्थेत जाहिरात निघण्यापूर्वीच दारावरचा शिपाई "ती जागा भरली समजा" असे सांगतो, तिची जात ह्या कसोटीवर ताबडतोब कळते.

पण जवळच्या माणसांचा आधार हा आधार नव्हे काय, असे कोणी विचारील. आधार आहेच, मात्र तो आपल्याला जिथे ती माणसे स्वतः उभी आहेत तिथवरच नेतो. ह्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच सापडते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग ह्या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांतील सुमारे वीस वर्षांतील विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या कुटुंबांची माहिती जमवून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. मुंबईच्या कामगार वर्गात भावाने भावाला, गाववाल्याने गाववाल्याला कामावर चिकटवून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. १९९०नंतर इंग्रजी येणाऱ्यांचे पगार झपाट्याने वाढू लागले, तरी ह्या घरांतले मुलगे मोठ्या संख्येने बापाच्याच धंद्याकडे नेणाऱ्या वाटेवर राहिले. मुली मात्र इंग्रजी शाळांकडे आणि नव्या नोकऱ्यांकडे वळल्या. कारण मुलींना कामावर चिकटवून घेणारे कोणी नव्हतेच! ज्या जाळ्याने मुलांना सांभाळले त्यानेच त्यांना अडकवून ठेवले, आणि ज्या जाळ्याबाहेर राहिल्या त्या मोकळ्या सुटल्या. मराठीच्या मास्तराने हे लिहिताना हात जरा अडखळतो. परंतु ह्यात मातृभाषेचा दोष नाही. बाप जिथे उभा आहे त्याच्या पलीकडले घरात कोणालाच ठाऊक नसावे, हा खरा दोष.

आता ज्यांच्याजवळ जवळची ओळख नाही आणि दूरचीही नाही, त्यांचे काय? अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन ह्या दोघींनी दिल्लीच्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली. शिक्षण सारखे, पण दलित विद्यार्थ्यांना खाजगी क्षेत्रात ओळखीचे असे फारसे कोणी नव्हते, म्हणून त्यांची नजर सरकारी नोकरीकडे अधिक. मुलाखतीला गेले की प्रश्न यायचा, "घरची पार्श्वभूमी सांगा." ज्याचे वडील अधिकारी त्याला हा प्रश्न म्हणजे गप्पांची सुरुवात. ज्याचे वडील शेतमजूर त्याला तोच प्रश्न म्हणजे पहिली वजाबाकी.

दिल्लीपर्यंत जायलाही नको. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली एक मुलगी आहे. वक्तृत्व स्पर्धांमुळे माझ्या परिचयाची. वडील तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवतात. घराण्यात पदवीधर झालेली ती पहिलीच. तिने संगणकावरून पन्नासेक ठिकाणी अर्ज पाठवले आणि एकाचेही उत्तर आले नाही. मग तिला कोणी सांगितले की बऱ्याच कंपन्यांत जागा निघाली की आधी आतल्या कर्मचाऱ्यांनाच 'कुणी चांगलं माहीत आहे का' असे विचारतात. त्याला म्हणे रेफरल म्हणतात. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, गुण कुठून आणायचे ते मला माहीत होतं, ते मी आणले. ही ओळख कुठून आणतात?"

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात तो काम करतो; आमची गाठ दोन-तीन वर्षांतून एखाद्या वेळी पडते. मी त्याला म्हटले, "नोकरी दे म्हणत नाही. ह्या मुलीशी फक्त अर्धा तास बोल." तो बोलला. पुढे त्याच्या कारखान्यात तिची मुलाखत झाली, पण निवड झाली नाही. मात्र त्या अर्ध्या तासात तिला कळले की ह्या कामाला अमुक एक यंत्र हाताळता यावे लागते, ते तीन महिन्यांत शिकता येते, आणि अर्जात ते पहिल्याच ओळीत लिहायचे असते. ती ते शिकली आणि दुसऱ्या एका ठिकाणी परीक्षा देऊन लागली. तिला दिलेली गोष्ट किती क्षुल्लक होती पाहा! अधिकाऱ्याच्या मुलीला ती घरी जेवताजेवता कळली असती.

ह्यावर उपाय म्हणून परीक्षेकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी आपल्या भाच्या-पुतण्यांची नावे सुचवायची आणि त्यांनी हिंदुस्थानात येऊन साहेब व्हायचे, ही रीत १८५३च्या कायद्याने मोडली. १८५५पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली, म्हणून तर १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोरांना त्या दारातून आत जाता आले. अलीकडे, १ जानेवारी २०१६पासून, केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून खेड्यापाड्यांतली मुले रात्र-रात्र वाचत बसतात ती उगीच नव्हे. परीक्षेचा कागद 'तू कोणाचा कोण' असे विचारीत नाही, ह्या विश्वासावर ती बसलेली असतात. पण सरकारी जागा मोजक्या आणि उमेदवार लाखांनी. उरलेल्यांना जे खाजगी जग खुणावते, तिथे बातमी माणसामाणसांतूनच फिरते. ती कायद्याने बंद करता येणार नाही. फार तर अधिक लांब फिरवता येईल.

शिफारस करणाऱ्यांनी कोलकात्यात झालेला एक प्रयोग ध्यानात ठेवावा. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर ह्यांनी तिथल्या लोकांना थोडे काम दिले आणि सांगितले, आता तुमच्या माहितीतला एक माणूस घेऊन या. काहींना माणूस आणल्याबद्दल ठरावीक रक्कम मिळायची होती. काहींना आणलेला माणूस काम कसे करील त्यावर. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष छापले. ज्यांची रक्कम कामावर अवलंबून होती त्यांनी नातेवाईक कमी आणि सहकारी जास्त आणले. आणि जे स्वतः कामात हुशार होते त्यांनी माणसेही हुशार आणली. सारांश, माणसाची पारख आपल्याला असते. आपल्या शब्दाची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल असे वाटले की भाचा आपोआप मागे राहतो.

म्हणून माझ्या तरुण वाचकांना मी सांगेन: ओळख विचारण्यात कमीपणा मानू नका, पण मागताना नोकरी मागू नका, माहिती मागा. पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांना शोधून काढा. कोणी अर्धा तास दिला तर पुढे काय झाले ते त्याला अवश्य कळवा, निवड झाली नाही तरीही. आपल्याकडे लोक काम झाले की विसरतात आणि न झाले की रुसतात; त्यामुळे मदत करणाऱ्याला आपण सांगितलेले बरोबर होते की नाही, हेच कधी कळत नाही.

आणि जे स्थिरावले आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. बँकेत, कारखान्यात, रुग्णालयात, संगणकाच्या कंपनीत तुम्ही वीस-पंचवीस वर्षे काढली आहेत. तुमच्या कचेरीत माणसे केव्हा घेतात, काय पाहून घेतात, कोणत्या चुकीने अर्ज बाजूला पडतो, हे तुम्हांला इतके सवयीचे झाले आहे की ती माहिती आहे असेही तुम्हांला वाटत नाही. तुमच्या मुलाला, पुतण्याला, भाचीला ती आयती मिळते. ती घराबाहेरच्या एकाला तरी द्या. त्याची शिफारस करा असे मी म्हणत नाही; त्याचे काम पाहिल्यावाचून करूही नका. फक्त दार दाखवा. दूरची ओळख उपयोगी पडते असे ते न्यूटनचे आकडे सांगतात. कोणाची तरी दूरची ओळख व्हायला आपल्याला फार खर्च येत नाही.

तुमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याची मुलगी बहुधा कॉलेजात जात असेल. तिचा विषय कोणता आणि शेवटचे वर्ष कोणत्या महिन्यात संपते, एवढे विचारून ठेवा.